पायऱ्यांमागची माती

काशीत मणिकर्णिका घाटाकडून उत्तरेस पंचगंगेच्या दिशेने चालू लागले की मराठी राज्यकर्त्यांच्या दगडी खुणा एकामागून एक भेटू लागतात. प्रथम ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट, त्याला लागून संकठा घाट, पुढे गंगामहाल आणि त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा घाट. संकठा घाटाच्या वर संकठादेवीचे मंदिर आहे आणि या घाटाच्या बांधणीशी बडोद्याच्या राजघराण्याचे नाव जोडले जाते. यात्रेकरूचे लक्ष येथे देवळांकडे जाते. माती आणि पाणी यांचा विचार करणाऱ्याचे लक्ष मात्र दोन शेजारी घाटांच्या वेगळ्या नशिबाकडे जाते. संकठा घाटाचा शेजारी असलेला शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधला. पुढे तो खचला आणि १९३७ मध्ये त्याची पुन्हा उभारणी करावी लागली. पाण्यालगतचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर तर आजही कललेलेच उभे आहे.

घाट खचला तो स्वतःच्या वजनाने, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खोटे नाही. पण नदीकाठचे कोणतेही बांधकाम केवळ वजनाने जात नाही. वजन पेलणारी माती जागेवर राहिली तर जड बांधकामही शतकानुशतके टिकते. माती जागेवरून हलू लागली की हलके बांधकामही वाचत नाही. म्हणून अशा ठिकाणी विचारायचा प्रश्न दगडाविषयीचा नसून दगडामागच्या मातीविषयीचा असतो, आणि भूवस्त्र म्हणजे जिओटेक्स्टाईल या नावाने ओळखले जाणारे कापड नेमक्या याच प्रश्नासाठी जन्माला आले.

वाराणसीत गंगा उत्तरेकडे वळते. घाट आहेत तो पश्चिम किनारा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, म्हणजे नदी जिथे कापत राहते तो. समोरचा किनारा वाळूचा, जिथे ती टाकत राहते. घाटांचा किनारा कंकरमिश्रित चिकणमातीचा असल्याने उंच आणि घट्ट राहिला आहे. पण गंगेच्या गाळाच्या मैदानात चिकणमातीच्या आड पोयटा आणि बारीक वाळूचे थर असतातच. या किनाऱ्याला दरवर्षी काय सोसावे लागते ते नदीच्या पातळीवरून कळते. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातील पात्र यापेक्षा दहा मीटरहून अधिक खाली असते. तीन-चार मजली इमारतीएवढा हा चढउतार पायऱ्यांमागच्या मातीला पाहावा लागतो.

सर्वसाधारण समज असा की पूर चढताना बांधकामाला धोका असतो. वस्तुतः अनेक किनारे पूर उतरताना ढासळतात. पाणी चढलेले असते तेव्हा माती हळूहळू भिजून तृप्त होते, पण नदीचे पाणी भिंतीला बाहेरून दाबून आधारही देत असते. पूर ओसरला की बाहेरचा आधार दोन-चार दिवसांत निघून जातो. मातीत शिरलेले पाणी मात्र तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. ते मागून भिंतीला ढकलू लागते. भिंतीमागे पाणी नदीपेक्षा केवळ तीन मीटर उंच राहिले, तरी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन जादा रेटा येतो. मग हे पाणी फटीतून, सांध्यातून वाट काढते आणि जाताना मातीचे बारीक कण सोबत घेऊन जाते. आज चिमूटभर, उद्या मूठभर. काही वर्षांनी पायरीखाली पोकळी तयार होते आणि वरून निर्दोष दिसणारा दगड एके दिवशी खाली बसतो.

यावर उपाय दोन, आणि ते एकमेकांच्या विरोधातले. पाणी अडवावे तर रेटा वाढतो. पाणी सोडावे तर माती जाते. पाहिजे असते ते असे काही, की पाणी जावे आणि माती राहावी. ओटीवर बसून फडक्यात चक्का बांधणाऱ्या आजीला हे तत्त्व ठाऊक होते. फडके फार विरळ असेल तर दही निथळताना चक्काही जातो, फार घट्ट असेल तर पाणी उतरत नाही, आणि फडक्यावर साय चिकटून बसली तर चांगले फडकेही निकामी होते. भूवस्त्राचे सारे शास्त्र या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

कापडापूर्वी हे काम वाळू आणि खडी करत असे. मातीला लागून बारीक वाळू, तिच्यामागे जाड वाळू, मग खडी, मग दगड अशी उतरंड रचायची. मृदा-अभियांत्रिकीचे जनक कार्ल टेरझागी यांनी तिला मोजमाप दिले. ढोबळमानाने, गाळणीतल्या बारीक कणांचा आकार मातीतल्या मोठ्या कणांच्या चार-पाच पटींहून अधिक नसावा, म्हणजे माती गाळणीतून निसटत नाही. नियम उत्तम; पण उतारावर, वाहत्या पाण्याजवळ, मजुरांकडून असे एकसारखे थर घालून घेणे किती अवघड आहे हे ज्याने एकदा नाला बांधाचे काम करून घेतले आहे त्याला सांगावे लागणार नाही. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा किनाऱ्यावर समुद्रभिंतीमागे वाळूच्या थराऐवजी विणलेले प्लास्टिकचे कापड लावण्यात आले. १९५३ च्या भीषण सागरी पुरानंतर नेदरलँड्समध्ये किनारा-संरक्षणाची जी प्रचंड कामे सुरू झाली, त्यांतही कृत्रिम धाग्यांचे कापड हळूहळू रुळले. ‘जिओटेक्स्टाईल’ हा शब्द रूढ झाला तो १९७७ च्या पॅरिस परिषदेनंतर. फ्रेंच अभियंता झां-पिएर जिरू यांनी तो सुचवला. आपल्याकडे काथ्या उद्योगाने यासाठी ‘भूवस्त्र’ हा शब्द स्वीकारला, आणि तो मला मूळ शब्दापेक्षा अधिक देखणा वाटतो.

या कुटुंबातली इतर भावंडेही ओळखून घ्यावीत, कारण विक्रेते सर्वांना ‘जिओ’ म्हणून एकाच मापाने विकतात. विणलेले भूवस्त्र ताणाला मजबूत असते. सुयांनी ठोकून बनवलेले न विणलेले भूवस्त्र ब्लँकेटसारखे दिसते. गाळणीसाठी बहुधा तेच वापरतात. मोठ्या चौकोनी छिद्रांची ताठ जाळी म्हणजे जिओग्रिड; ती भरावाला बळकटी देते, गाळत काही नाही. मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे असलेली जिओसेल उतारावरची माती धरून ठेवते. आणि जिओमेम्ब्रेन म्हणजे पाणी अजिबात न सोडणारा पडदा, आपल्या शेततळ्याचा कागद. भूवस्त्र आणि जिओमेम्ब्रेन ही कामाने एकमेकांची नेमकी उलटी आहेत. जिथे पाणी जायला हवे तिथे शेततळ्याचा उरलेला कागद भिंतीमागे लावल्याची उदाहरणे खेडोपाडी दिसतात. त्या भिंतीला आपण बाहेर ढकलण्याचीच व्यवस्था करून ठेवतो.

कापड निवडताना वजन पाहून निवडण्याची आपल्याकडे सवय आहे: ‘दोनशे जीएसएमचे द्या.’ चौरस मीटरला किती ग्रॅम, हे टिकाऊपणाचे एक माप झाले, गाळणीचे नव्हे. गाळणीसाठी छिद्राचा आकार आणि पाणी सोडण्याची क्षमता विचारावी, आणि ती आपल्या मातीशी ताडून पाहावी. बारीक, सुट्या वाळूसाठी छिद्र लहान हवे. चांगल्या घडणीच्या चिकणमातीत कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे थोडे मोठे छिद्रही चालते. खरी पंचाईत चोपण जमिनीत होते. सोडियमचे प्रमाण वाढलेल्या या मातीचे कण पाण्यात सुटे होऊन दुधासारखे तरंगतात; ते कापडातून निसटतात किंवा कापडावर बसून त्याचे तोंड बंद करतात. अशा जमिनीत माती आणि कापड यांच्यामध्ये अर्धा फूट तरी स्वच्छ वाळू घालावी. कापड मातीला सर्वत्र चिकटून बसणेही तितकेच महत्त्वाचे असते. मध्ये पोकळी राहिली की कण तिथे उड्या मारू लागतात आणि छिद्रे बुजतात.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने अभियांत्रिकीच्या कापडावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण या कापडाला जमिनीखाली जे शेजारी मिळतात ते आमच्या विषयातले आहेत, आणि नैसर्गिक की कृत्रिम हा वाद त्यांना विचारल्याशिवाय सुटत नाही.

नैसर्गिक धाग्यांचा इतिहास कृत्रिम धाग्यांहून जुना आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे १९२० मध्ये आणि कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर १९३४ मध्ये रस्त्याखाली तागाचे कापड घातल्याची नोंद वारंवार दिली जाते. आज ताग आणि काथ्या या दोन्हींच्या भूवस्त्रांना भारतीय मानके आहेत. तागाचा धागा मऊ असतो, भरपूर पाणी शोषतो, उताराला अंग टाकून चिकटतो आणि साधारण एक-दोन वर्षांत मातीत मिसळून जातो. काथ्या त्याहून राठ. तो तीन ते पाच वर्षे तग धरतो. कारण लिग्निनमध्ये आहे. तागात ते १२ ते १४ टक्के, तर काथ्यात ४० टक्क्यांहून अधिक असते, आणि लिग्निन पचवणे जिवाणूंना जड जाते.

वाळवीलाही ते जड जाते, पण तिने त्यावर तोड काढली आहे. आपल्याकडे बांधावर वारूळ उभारणारी ‘ओडोंटोटर्मीस’ ही वाळवी लाकूड-काडी स्वतः पूर्ण पचवत नाही. ती चावून, त्याचा लगदा करून, वारुळातल्या बागेत बुरशी वाढवते. लिग्निन फोडण्याचे काम ती बुरशी करते. म्हणून ‘काथ्याला वाळवी लागत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे समजावे. तागापेक्षा ती उशिरा लागते, एवढाच त्याचा अर्थ. जाळीवर मातीचे पातळ पापुद्रे चढलेले दिसले की खाली तिचे काम सुरू झाले असे समजावे. तथापि उतारावरील भूवस्त्राच्या बाबतीत यात घाबरण्याजोगे काही नाही. तिथे कापडाचे काम दोन पावसाळे माती धरून ठेवण्याचे असते; तेवढ्यात वाळा, हरळी किंवा अंजन गवताच्या मुळांनी उतार ताब्यात घ्यायला हवा. नंतर कापड वाळवीने खाल्ले तर त्याचे खतच होते. अशा जागी विषारी प्रक्रिया केलेले कापड मागणे म्हणजे पैसे देऊन जमिनीचे नुकसान विकत घेणे होय.

वाळवीचा खरा धोका कापडाला नाही, बांधाला आहे. चीनमध्ये ‘ओडोंटोटर्मीस फॉर्मोसॅनस’ ही वाळवी नदीच्या मातीच्या बांधांची प्रमुख शत्रू मानली जाते. बांधाच्या पोटात वारूळ आणि त्याला जोडणारी भुयारे तयार झाली, आणि पुराचे पाणी त्या पातळीला पोहोचले, की भुयार पाण्याची नळी बनते. नळीतून माती वाहू लागते आणि नळी रुंदावत जाते. आपल्या पाझर तलावांच्या बांधांवर वारुळे उभी असतात आणि त्यांना हळद-कुंकू वाहिले जाते. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, पण पाणी साठवणाऱ्या बांधावरील वारुळाची नोंद पावसाळ्यापूर्वी संबंधित अभियंत्याकडे गेलीच पाहिजे. कोकणच्या खारबंदिस्तीत आणि गोव्याच्या खाजणांत हेच काम खेकडे करतात, देशावर घुशी करतात. बांधाच्या कोरड्या बाजूच्या पायथ्याशी भूवस्त्र आणि वाळूची गाळणी असेल तर असे भुयार फुटले तरी पाणी गाळणीपाशी येते, माती तिथे अडकते आणि भुयार रुंदावत नाही. बिळे थांबवणे आपल्या हाती नसते. बिळातून जाणारी माती थांबवणे असते.

आता संकठा घाटासारख्या जागेचा विचार करू. तिथे पायऱ्यांमागे कापड लावायचे झाले तर ते एकदाच लावता येईल. पाच वर्षांनी घाट उकलून पुन्हा घालणे शक्य नाही. म्हणजे काथ्या-ताग तिथे बाद. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर हवे. त्यातही चुन्याच्या किंवा ताज्या सिमेंटच्या सान्निध्यात पॉलिएस्टर झिजते, म्हणून पॉलिप्रॉपिलीन श्रेयस्कर. मात्र दोन-अडीच शतकांचा घाट केवळ कापड घालण्यासाठी खोदावा, असे कोणी सुचवू नये. जिथे पायऱ्या आधीच निघाल्या आहेत, जिथे दुरुस्तीसाठी भराव उघडा पडला आहे, तिथेच ही संधी. बाकी ठिकाणी सांध्यांना सरसकट सिमेंट भरण्याचा उत्साह आवरणे, हेच मोठे काम आहे. सिमेंटने फट बंद होते, पाणी मागेच राहते, आणि पुढच्या वर्षी पूर उतरताना रेटा वाढतो.

नैसर्गिक की कृत्रिम, याचे उत्तर त्यामुळे तत्त्वात नसून आयुष्यात आहे. काम दोन वर्षांचे असेल तर वस्तूही दोन वर्षांची घ्यावी. रस्त्याच्या कडेचा उतार, ओघळीचा काठ, नवी बांधबंदिस्ती इथे प्लास्टिकची जाळी घालण्याचे कारण मला दिसत नाही. उन्हात उघडे राहिलेले पॉलिप्रॉपिलीन काही महिन्यांत ठिसूळ होते, त्याचे धागे तुटतात आणि तुकडे मातीत जातात. मातीतल्या सूक्ष्म प्लास्टिकचे प्रमाण फार वाढवले असता गांडुळांची वाढ मंदावते आणि मरतूक वाढते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. शेतातील आजचे प्रमाण तेवढे नसेल. पण पेरलेले प्लास्टिक वेचता येत नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात हा विषय सर्वांत जवळून भेटतो तो शेततळ्यात. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि अस्तराचा कागद घराघरात चर्चेचा झाला. प्रचलित जाडी ५०० मायक्रॉन. लॅमिनेटेड विणलेल्या कागदासाठी आयएस १५३५१ हे मानक आहे. कागद फाटतो तो बहुधा वरून नव्हे, खालून. मुरमाचा टोकदार खडा, पऱ्हाटीचे बुंधे, उंदराचे बीळ आणि वरून काही लाख लिटर पाण्याचा भार. कागदाखाली न विणलेल्या भूवस्त्राची गादी घातली तर खड्याचा बोचरेपणा पसरून जातो. खर्च वाढतो, हे खरे. निदान मुरमाड आणि खडकाळ जागी तो टाळू नये. वाळवी प्लास्टिक खात नाही, पण वाटेत आले तर मऊ प्लास्टिक कुरतडून पलीकडे जाते. म्हणून तळ्याची जागा साफ करताना जुनी मुळे आणि लाकडाचे अवशेष पूर्णपणे काढावेत. संकठा घाटाचा पाठ इथेही लागू पडतो. भरपावसात आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना तळे वेगाने उपसले, तर मागचे पाणी कागदाला आतून फुगवते आणि बाजूचा उतार घसरतो.

शेततळ्याविषयी एक गोष्ट केवळ कीटकशास्त्रज्ञच सांगेल, म्हणून सांगतो. पाण्यातले अनेक कीटक पाणी शोधतात ते चमकेवरून: सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारा, आडव्या दिशेने ध्रुवीकृत झालेला प्रकाश त्यांना ‘येथे पाणी आहे’ असे सांगतो. काळे, गुळगुळीत प्लास्टिक हा संदेश खऱ्या पाण्याहूनही ठळकपणे देते. हंगेरीतील ग्यॉर्गी क्रिश्का आणि गाबोर होर्वाथ यांनी मेफ्लाय या कीटकांवर हे दाखवून दिले. त्या माद्या डांबरी रस्त्यावर आणि काळ्या प्लास्टिकवर अंडी घालत होत्या, आणि ती अंडी सुकून जात होती. आपण उन्हाळ्यात अंथरून ठेवलेला कोरडा कागद असाच सापळा ठरू शकतो. कागद अंथरणे आणि पाणी भरणे यांत शक्यतो अंतर ठेवू नये.

भरलेल्या तळ्याचीही वेगळी अडचण आहे. चतुराची पिल्ले पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. पण प्रौढ होताना त्यांना पाण्याबाहेर चढायला देठ किंवा खडबडीत आधार लागतो. निसरड्या कागदाच्या तळ्यात तो नसतो, डासाला मात्र त्याची गरज नसते. तळ्याच्या एका बाजूस काठापासून पाण्यापर्यंत काथ्याच्या जाळीची हातभर रुंद पट्टी सोडावी, असे मी सुचवतो. चतुर वर चढतील, पडलेला सरडा, मुंगूस किंवा कोंबडीचे पिलू बाहेर येईल, आणि वेळप्रसंगी माणसालाही धरायला काही मिळेल. तिची किंमत कागदाच्या तुलनेत नगण्य आहे. कुजली की बदलावी.

भूवस्त्र विकत घेताना मानकाचा शिक्का पाहावा. मुंबईतील बीटीआरए या वस्त्रसंशोधन संस्थेत भूवस्त्रांची चाचणी होते. मोठ्या सामुदायिक कामासाठी नमुना तिथे पाठवण्याचा आग्रह धरावा. कापडाचे रोल उन्हात ठेवू नयेत आणि अंथरल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत मातीने किंवा दगडाने झाकावेत. दोन पट्ट्या एकमेकींवर किमान एक फूट चढवाव्यात, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, कौले चढवतात तशा. दगड उंचावरून टाकू नयेत. भिंतीला वीप होल ठेवावेत आणि कापड त्यांच्या मागे मातीच्या बाजूस असावे. छिद्राच्या तोंडाशी चिंधी कोंबणे म्हणजे भूवस्त्र लावणे नव्हे.

पहिल्या पावसाळ्यात वीप होलमधून येणारे पाणी काचेच्या पेल्यात धरून तासभर स्थिर ठेवावे. सुरुवातीच्या काही दिवसांत तळाशी थोडा गाळ बसेल. कापडाला लागून मातीची स्वतःची गाळणी तयार होत असल्याचे ते लक्षण आहे. दोन-तीन आठवड्यांनंतर पाणी नितळ यायला हवे. त्यानंतरही प्रत्येक पावसात पेल्याच्या तळाशी गाळ बसत राहिला तर भिंतीमागे पोकळी वाढत आहे असे धरून, दसऱ्यानंतर जमीन निवळताच तेवढा भाग उकरून कापड तपासावे.